अणुभट्टीच्या गणिताचा कस

१३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाने पाच अणुभट्ट्या बंद करायला लावल्या. बीव्हर व्हॅलीची पहिली, फिट्झपॅट्रिक, मेन यांकी आणि सरीच्या दोन. कुठे गळती नव्हती की कुठला पंप बिघडला नव्हता. दोष होता तो आराखड्याच्या काळात वापरलेल्या एका संगणकीय प्रोग्राममध्ये. भूकंपाच्या धक्क्याने पाइपांवर किती ताण येईल, हे तो प्रोग्राम काढत असे. वेगवेगळ्या दिशांच्या हादऱ्यांनी येणारे भार त्याने अधिक-उणे चिन्हांसकट एकत्र केले होते. त्यामुळे एक भार दुसऱ्याला खोडत गेला आणि एकूण ताण होऊ शकतो त्यापेक्षा कमी दिसला. नव्या प्रोग्रामचे आकडे जुन्याशी ताडून पाहताना ही चूक उघडी पडली. मग पाइपांचे सगळे गणित नव्याने करावे लागले.

अणुभट्टीच्या सुरक्षेचा जवळजवळ प्रत्येक दावा शेवटी अशाच कुठल्या तरी प्रोग्रामवर, म्हणजे अभियंत्यांच्या भाषेत ‘कोड’वर, येऊन टेकतो. याला इलाज नाही. दाबाखालच्या पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या भट्टीत पाणी वातावरणाच्या सुमारे १५५ पट दाबाखाली आणि तीनशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला फिरत असते. तिचा पाऊण मीटर व्यासाचा मुख्य पाइप तुटला, तर दाब कोसळतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि गाभा कोरडा पडू लागतो. साखळी प्रक्रिया थांबते, पण किरणोत्सारी ऱ्हासाची उष्णता थांबत नाही. ३,००० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या भट्टीत बंद झाल्याच्या पहिल्या क्षणांत ही उष्णता सुमारे २०० मेगावॉट असते. आपत्कालीन पाणी वेळेत गाभ्यापर्यंत पोहोचले नाही, तर इंधनसळयांचे झिरकॉनियम मिश्रधातूचे आवरण वाफेशी अभिक्रिया करू लागते, ठिसूळ होते आणि हायड्रोजन सोडते. हे खरोखर घडते कसे, ते पाहण्यासाठी कुणी चालू वीज केंद्राचा पाइप तोडणार नाही. म्हणून तो आधी संगणकावर तोडला जातो.

इडाहोत जन्मलेला रिलॅप, अमेरिकी आयोगाचा ट्रेस, फ्रान्सचा कॅथार, जर्मनीचा ॲथलेट, कॅनडाचा कॅथेना ही या घराण्यातली मोठी नावे. पद्धत ढोबळमानाने सारखी आहे. पाइप, पंप, गाभा यांचे शेकडो तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात पाणी व वाफ यांचे वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांची समीकरणे क्षणाक्षणाला सोडवायची. पाणी वाफेला किती ओढते, तापलेल्या सळईवरून उष्णता किती वेगाने निघते, अशा गोष्टी मात्र या मूळ समीकरणांतून निघत नाहीत. त्यांची सूत्रे प्रयोगशाळेतल्या नळ्यांवर घेतलेल्या मोजमापांवरून बांधलेली असतात. म्हणजे कोडमध्ये भौतिकशास्त्राचे नियम आणि अनुभवाची सूत्रे एकमेकांत विणलेली असतात, आणि कुठला धागा कच्चा आहे ते वरून दिसत नाही.

त्यामुळे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. लिहिलेली समीकरणे प्रोग्राम बरोबर सोडवतो का, हा पहिला. हे व्हेरिफिकेशन, म्हणजे पडताळणी. मुळात ती समीकरणे भट्टीत जे घडते त्याचेच वर्णन करतात का, हा दुसरा. हे व्हॅलिडेशन, म्हणजे प्रयोगाची कसोटी. १९७९ मधली पाइपांची चूक पहिल्या प्रकारात मोडते. अशा चुका शोधायला शिस्त पुरते. उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न कोडला घालायचे, तुकडे अधिकाधिक बारीक करून उत्तर एका आकड्याकडे स्थिरावते का ते पाहायचे, हवे ते उत्तर आधी ठरवून त्याला साजेसा प्रश्न मुद्दाम रचायचा. पण पाणी-वाफेच्या कोडमध्ये ही शिस्तही एका जागी अडखळते. दोन प्रवाहांची मूळ समीकरणे काही परिस्थितींत गणिती दृष्ट्या नीट मांडलेलीच ठरत नाहीत. तुकडे बारीक केले की उत्तर स्थिरावण्याऐवजी हेलकावे खाऊ लागते. जाड तुकड्यांमुळे गणनेत आपोआप शिरणारा बोजडपणा ते हेलकावे दाबून ठेवतो. अनेक दशके वापरात असलेल्या कोडांचा काही स्थिरपणा अशा दाबण्यातून आलेला आहे, आणि तो वापरणाऱ्याला ठाऊक असलाच पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाची कहाणी जास्त नाट्यमय आहे. १९७० च्या अखेरीस इडाहोत सेमिस्केल नावाच्या छोट्या संचावर प्रयोग झाले. गाभ्याच्या जागी विजेने तापणाऱ्या, जेमतेम नऊ इंच उंचीच्या सळया होत्या. पाइप तोडायचा आणि आपत्कालीन पाणी सोडायचे, एवढेच करायचे होते. सहाही चाचण्यांत ते पाणी गाभ्याला बगल देऊन तुटक्या तोंडातून बाहेर निघून गेले. कोडांनी असे काही सांगितले नव्हते. तेव्हाच्या अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे म्हणणे पडले की संच फार लहान आहे, त्यावरून खऱ्या भट्टीचा निष्कर्ष काढता येणार नाही. हे खरेही होते. पण मग खऱ्या भट्टीबद्दलचा निष्कर्ष कशावरून काढला होता, हा सवाल उरलाच. डॅनियल फोर्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ हेन्री केंडॉल यांनी ‘युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स’ या संस्थेच्या वतीने तो लावून धरला. १९७२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या जाहीर सुनावणीच्या नोंदी २२ हजार पानांवर गेल्या. आयोगाच्याच प्रयोगशाळांतल्या तज्ज्ञांनी साक्षीत कोडांबद्दल शंका व्यक्त केल्या.

त्या सुनावणीतून निघालेले नियम १९७४ च्या आरंभी जाहीर झाले आणि त्यांनी जगभरच्या नियामकांना वाट दाखवली. आवरणाचे तापमान २,२०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १,२०४ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. आवरणाच्या जाडीचा १७ टक्क्यांहून अधिक भाग गंजता कामा नये. आणि हे सिद्ध करताना जिथे ज्ञान अपुरे तिथे आकडा मुद्दाम वाईट बाजूला झुकवायचा. ऱ्हासाची उष्णता तर तेव्हाच्या मानकापेक्षा २० टक्के जास्त धरायची. अज्ञान कबूल करून त्याची किंमत मोजण्याची ही रीत प्रामाणिक होती. तिच्यातला दोष असा की अशा गणिताने निघालेला अपघात कधीच घडणार नसतो. सगळ्या वाईट गृहीतकांची बेरीज ज्या चित्राला जन्म देते, त्यावरून नियंत्रणकक्षातल्या माणसाने काय करावे ते कळत नाही.

दरम्यान इडाहोतच लॉफ्ट ही ५० मेगावॉटची खरी अणुभट्टी मुद्दाम अपघात घडवण्यासाठी उभारली गेली. खऱ्या अणुइंधनावर मोठ्या पाइपफुटीचा पहिला प्रयोग डिसेंबर १९७८ मध्ये झाला. सळया कोडांनी वर्तवले होते त्यापेक्षा आधीच पुन्हा भिजल्या आणि तापमान अंदाजाच्या बरेच खाली राहिले. सुटकेचा निःश्वास टाकावा असाच हा निकाल. पण चांगल्या प्रयोगकर्त्यांनी लगेच एक शंका काढली: सळयांच्या बाहेरून बसवलेल्या तापमापकांच्या तारांनीच तर सळया गार केल्या नाहीत ना? त्या एका शंकेवर पुढे वेगळे संशोधन झाले. मोजणारे यंत्र मोजमापात ढवळाढवळ करते का, हे तपासल्याशिवाय प्रयोगही कोडचा न्यायाधीश होऊ शकत नाही.

लॉफ्टच्या त्या प्रयोगानंतर सुमारे चारच महिन्यांनी, २८ मार्च १९७९ च्या पहाटे थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. छिद्र लहान होते. पाणी हळूहळू निसटत होते, पण दाब राखणाऱ्या टाकीतली पातळी मात्र वर चढत होती. भट्टी भरलेली आहे अशा समजुतीने चालकांनी आपत्कालीन पाणी कमी केले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. वर्षानुवर्षे कोडांची सारी ताकद मोठ्या पाइपफुटीवर खर्च झाली होती. छोट्या फुटीला ती आपोआप झाकेल असे धरले गेले होते. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचे अभियंता कार्लाइल मायकेलसन यांनी अपघाताच्या वर्षभर आधी हाताने केलेल्या हिशेबात दाखवले होते की छोट्या फुटीत त्या टाकीची पातळी फसवी ठरू शकते. सप्टेंबर १९७७ मध्ये डेव्हिस-बेसी केंद्रात तशीच झडप अडकलीही होती. प्रयोगशाळेचा आणि कोडचा मेळ उत्तम बसला तरी प्रश्नच चुकीचा निवडला, तर सगळे श्रम वाया जातात, हे थ्री माइल आयलंडने सिद्ध केले. पाणी आणि वाफ यांना स्वतंत्रपणे हाताळणाऱ्या रिलॅपच्या पाचव्या पिढीला खरा जोर त्यानंतर आला.

मग प्रयोगांचा सुवर्णकाळ आला. जपानमध्ये तोकाईला रोझा प्रकल्पाचा, घनफळाने ४८ पट लहान पण उंचीने खऱ्या भट्टीइतका संच उभा राहिला. ग्रेनोबलला बेथसी, इटलीत इस्प्रा इथे लोबी, जर्मनीत एर्लांगनला पीकेएल. उंची तीच ठेवण्याचे कारण असे की पंप बंद पडल्यावर पाणी फिरते ते उंचीच्या फरकामुळे. पण घनफळ कमी केले की भिंतींचा वाटा वाढतो, धातूत साठलेली उष्णता प्रमाणाबाहेर जाते, आणि रुंद पोकळीत जो प्रवाह आडवा पसरला असता तो अरुंद नळीत सरळ वाहतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण शीत आणि भात एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेले असतात. इथे लहान संच आणि मोठी भट्टी यांची आच वेगळी असते.

याचा निवाडा मानहाइमला झाला. अमेरिका, जर्मनी आणि जपान यांच्या संयुक्त कार्यक्रमात तिथे यूपीटीएफ हा संच बांधला गेला. १,३०० मेगावॉट वर्गाच्या जर्मन भट्टीचे पात्र आणि पाइप, पूर्ण आकारात. आत अणुइंधन नव्हते. गाभ्यातून निघाली असती ती वाफ बाहेरून सोडली जाई. सेमिस्केलने दाखवले होते की वर येणारी वाफ आपत्कालीन पाणी उचलून बाहेर फेकते. पूर्ण आकारात दिसले ते निराळेच. तुटक्या पाइपाच्या शेजारी सोडलेले पाणी खरोखर वाहून जाते, पण समोरच्या बाजूला सोडलेले पाणी त्याच वेळी सहज खाली उतरते. पात्राच्या रुंदीत प्रवाह एकसारखा नसतो, आणि सेमिस्केलच्या अरुंद पोकळीत ही विषमता दिसणे शक्यच नव्हते. सेमिस्केलवरून झालेल्या भांडणात दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश होता आणि दोघांकडेही पुरावा अपुरा होता. तो मिळायला पंधराहून अधिक वर्षे आणि तीन देशांचा पैसा लागला.

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेने, पॅरिसच्या एनईएने, या साऱ्या प्रयोगांची सूची बांधली. पाइपफुटीशी निगडित ६७ वेगवेगळ्या घटना निश्चित करून कुठल्या घटनेसाठी कुठल्या संचाचा कुठला प्रयोग वापरावा, याचे तक्ते नव्वदच्या दशकात प्रसिद्ध झाले. आजही कुठल्याही नव्या कोडची परीक्षा तिथून सुरू होते. याच संस्थेने सत्तरच्या दशकापासून चालवलेले ‘आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रश्न’ हा या क्षेत्रातला सर्वांत आरोग्यदायी उपक्रम म्हटला पाहिजे. प्रयोगाच्या सुरुवातीच्या अटी सगळ्या देशांना द्यायच्या, अनेकदा निकाल झाकून ठेवायचा, प्रत्येकाने आपले भाकीत पाठवायचे आणि मग पडदा उघडायचा.

पडदा उघडल्यावर जे दिसले, ते अपेक्षेपलीकडचे होते. एकच कोड वापरणाऱ्या दोन गटांची उत्तरे कधी कधी दोन वेगळ्या कोडांच्या उत्तरांइतकी दूर पडत. एकाने पात्राचे तुकडे जास्त पाडले, दुसऱ्याने कमी; एकाने फुटक्या तोंडाशी एक गुणांक निवडला, दुसऱ्याने वेगळा. नव्वदच्या दशकात या ‘वापरकर्त्याच्या परिणामा’वर एनईएने स्वतंत्र अहवालच काढला. म्हणजे परीक्षा फक्त कोडची नसते. कोड, त्याला दिलेले भट्टीचे वर्णन आणि तो चालवणारा माणूस या तिघांची मिळून असते. निकाल आधी ठाऊक असेल तर कोड जुळवून घेता येतो. निकाल झाकलेला असेल तर नाही. एखादा कोड ‘प्रयोगाशी उत्तम जुळतो’ असा दावा वाचताना वाचकाने पहिला प्रश्न हाच विचारावा: जुळणी प्रयोगाच्या आधी झाली की नंतर?

या सगळ्या इतिहासात कॅनडाच्या मेपल भट्ट्यांइतका बोलका धडा दुसरा नाही. चॉक रिव्हरला दहा-दहा मेगावॉटच्या दोन छोट्या भट्ट्या उभारल्या गेल्या. काम एकच होते, वैद्यकीय तपासण्यांसाठी लागणारे मॉलिब्डेनम-९९ बनवायचे आणि १९५७ पासून चाललेल्या एनआरयू भट्टीची जागा घ्यायची. आराखडा करणाऱ्यांच्या गणितानुसार शक्ती वाढली की साखळी प्रक्रियेचा जोर आपोआप किंचित कमी व्हायला हवा होता: दर मेगावॉटमागे उणे ०.१२ मिलि-के. मिलि-के म्हणजे साखळी प्रक्रियेच्या गुणाकाराचा हजारावा भाग. २००३ च्या चाचण्यांत प्रत्यक्ष मोजमाप आले अधिक ०.२८. आकडा लहान, पण चिन्हच उलटे. शक्ती वाढली की जोर वाढतो, असा त्याचा अर्थ. भट्टी लगेच धोक्यात होती असे नव्हे. बंद करण्याची यंत्रणा ती सहज आवरू शकत होती. पण सुरक्षेचे सगळे विश्लेषण ज्या चिन्हावर उभे होते तेच खोटे निघाले होते, आणि ते का, हे कुणाला सांगता येत नव्हते.

पुढची पाच वर्षे कारण शोधण्यात गेली. इंधनसळया तापल्यावर वाकत असाव्यात हा एक संशय होता. अर्जेंटिनाच्या आणि अमेरिकेच्या नामवंत संस्थांची मदत घेतली गेली. मोजमाप पूर्णपणे समजावून देईल असे उत्तर मिळाले नाही. मे २००८ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला. वर्षभरात म्हाताऱ्या एनआरयूला गळती लागली आणि ती पंधरा महिने बंद राहिली. जगभरच्या रुग्णालयांना त्या समस्थानिकाचा तुटवडा सोसावा लागला. इथे नियामकाने मोजमापाला कोडच्या वर ठेवले, हे नोंदवले पाहिजे. चाचणी न घेता भट्ट्या चालू केल्या असत्या, तर कागदावरचे उणे चिन्ह कायम राहिले असते. सोव्हिएत काळात याच्या उलट घडले. लिथुआनियातल्या इग्नालिना केंद्रात १९८३ च्या चाचण्यांत दिसले की आरबीएमके प्रकारच्या भट्टीत नियंत्रक सळया आत शिरताना सुरुवातीला शक्ती वाढू शकते. मोजमाप हाती होते. ते चेर्नोबिलच्या चालकांपर्यंत योग्य रूपात पोहोचले नाही.

१९८८ मध्ये अमेरिकी आयोगाने नियम बदलला. मुद्दाम वाईट गृहीतके धरण्याऐवजी शक्य तितके वास्तव गणित करा, पण त्याबरोबर अनिश्चितता किती ती सांगा, अशी मुभा मिळाली. तेव्हापासून जर्मनीच्या जीआरएस संस्थेने रूढ केलेली एक रीत जगभर चालते. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल विल्क्स यांच्या १९४१ च्या सिद्धांतावर ती उभी आहे. अनिश्चित असलेले सगळे आकडे त्यांच्या शक्य मर्यादेत यदृच्छेने निवडायचे आणि कोड ५९ वेळा चालवायचा. त्यांतले सर्वांत जास्त तापमान हे, ९५ टक्के खात्रीने, ९५ टक्के शक्यतांना पुरून उरते. ५९ च का? कारण ०.९५ हा आकडा स्वतःशी ५९ वेळा गुणला की गुणाकार ०.०५ च्या खाली जातो. अनिश्चित गोष्टी दहा असोत की शंभर, फेऱ्या तेवढ्याच पुरतात. फार देखणी युक्ती आहे ही.

मात्र तिचे बळ मर्यादित आहे. ‘शक्य मर्यादा’ ठरवतो माणूस. एनईएच्या बेम्यूस प्रकल्पात अनेक देशांच्या गटांनी लॉफ्टचा एक प्रयोग आणि अमेरिकेतल्या झायन केंद्राची काल्पनिक पाइपफूट सोडवली. प्रत्येकाने अनिश्चिततेचे पट्टे काढले. त्या पट्ट्यांची रुंदीच गटागणिक इतकी वेगळी निघाली की त्या मर्यादा कशा ठरवाव्यात यावर पुढे वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. आणि कोडला जी गोष्ट ठाऊकच नाही, तिची अनिश्चितता ५९ काय, ५९ हजार फेऱ्यांतूनही निघत नाही. जुलै १९९२ मध्ये स्वीडनच्या बार्सेबेक केंद्रात सुटलेल्या वाफेच्या झोताने पाइपांवरची खनिज लोकर उडाली आणि आपत्कालीन पंपांच्या गाळण्या तुंबल्या. त्या तुंबायला दहा तास तरी लागतील असे धरलेले होते. लागला सुमारे सव्वा तास. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये कादाराशच्या काब्री भट्टीत दीर्घकाळ वापरलेली एक इंधनसळई, शक्तीचा झटका दिल्यावर दर ग्रॅममागे सुमारे ३० कॅलरी ऊर्जेला फुटली. तेव्हाची नियामक मर्यादा २८० कॅलरीची होती, मुख्यतः ताज्या व कमी वापरलेल्या इंधनाच्या प्रयोगांवर बेतलेली. त्या एका प्रयोगावर पुढे बरेच वाद झाले, पण मर्यादा बदलाव्या लागल्या.

भारताचा या प्रश्नाशी संबंध थेट आहे, आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात घडतो. अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरला आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र तुर्भ्याला, आणि देशातले पहिले अणुवीज केंद्र पालघर जिल्ह्यात तारापूरला. आपल्या बहुतेक भट्ट्या जडपाण्याच्या. त्यांत एका मोठ्या पात्राऐवजी शेकडो आडव्या नळ्या असतात, म्हणून लॉफ्ट किंवा रोझाचे निकाल जसेच्या तसे कामी येत नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने कॅनडातल्या आरडी-१४एम संचावरच्या पाइपफुटीच्या प्रयोगावर कोडांची तुलना घडवली आणि २००४ मध्ये अहवाल काढला, त्यात भारतीय गट सहभागी होता.

तारापूरच्या परिसरात भाभा केंद्राने बारकॉम ही प्रतिकृती बांधली: ५४० मेगावॉटच्या जडपाणी भट्टीच्या पूर्वताणित काँक्रीटच्या संरक्षक कवचाची, एक चतुर्थांश आकाराची. आत दाब वाढवत न्यायचा आणि काँक्रीट कुठे, कधी तडकते ते पाहायचे. देशोदेशीच्या गटांकडून त्याची गणिते मागवली गेली. तुर्भ्यातच प्रगत जडपाणी भट्टीसाठी पूर्ण उंचीचा चाचणी संच उभारला गेला, कारण त्या आराखड्यात गाभ्यातले पाणी पंपाविना, केवळ नैसर्गिक अभिसरणाने फिरायचे होते. अशा प्रवाहाचा जोर पंपाच्या तुलनेत अगदी थोडा. कमी दाबाला तो हेलकावतो, कधी दिशाही बदलतो. पंपाच्या भट्टीत जी चूक क्षम्य ठरेल, तीच इथे निकाल उलटवू शकते.

नैसर्गिक अभिसरणाची एक परीक्षा आपल्याकडे कुणी न ठरवता झाली. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोऱ्याच्या पहिल्या भट्टीच्या टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला आणि आगीत केबली जळून केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. पंप बंद. चालकांनी डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरांत पाणी भरले, आणि गाभ्याची उष्णता आपोआप फिरणाऱ्या जडपाण्याने तिथवर वाहून नेली. इंधनाला इजा झाली नाही. त्या सतरा तासांच्या नोंदी कोडांच्या कसोटीसाठी फार मोलाच्या आहेत. प्रयोगशाळेत पूर्ण आकाराची भट्टी अशी सोडून देण्याचे धाडस कुणी केले नसते.

गाभा वितळल्यानंतरचे गणित या सर्वांहून कठीण. तिथे मेल्कोर आणि माप हे कोड वापरले जातात. फुकुशिमाच्या अपघातानंतर एनईएने अनेक देशांच्या गटांकडून तिथल्या तीन भट्ट्यांचे अपघात पुन्हा सोडवून घेतले. वितळलेले इंधन किती खाली उतरले, काँक्रीट किती खाल्ले गेले, यांवर उत्तरे एकमेकांपासून बरीच दूर गेली. आता हळूहळू वास्तव हाती येते आहे. मार्च २०२३ मध्ये पाण्याखालच्या यंत्रमानवाने दाखवले की पहिल्या भट्टीच्या पात्राखालच्या आधारभिंतीचे आतले काँक्रीट खालच्या भागात नाहीसे झाले आहे, पण लोखंडी सळया उभ्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या भट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना बाहेर आला, वजन सुमारे ०.७ ग्रॅम. या कोडांची खरी परीक्षा सुरू व्हायला तेरा वर्षे लागली.

इकडे प्रयोगांची घरे मात्र एकामागून एक बंद होत आहेत. लॉफ्ट गेली, बेथसी आणि लोबी गेले, साठ वर्षे इंधनाची मोजमापे पुरवणारी नॉर्वेची हाल्डेन भट्टी २०१८ मध्ये कायमची बंद झाली. अमेरिकेने ट्रीट ही जुनी चाचणी भट्टी २०१७ मध्ये पुन्हा सुरू केली, दक्षिण कोरियात ॲटलास संच चालू आहे, पण एकंदर कल घटीचाच. संगणक मात्र दरवर्षी वेगवान होतात आणि चित्रे अधिकाधिक सुंदर दिसतात. दहा कोड एकमेकांशी जुळले म्हणजे भट्टीशी जुळले, असा समज पसरणे हा आजचा सर्वांत मोठा धोका आहे. दहाही कोड त्याच चार प्रयोगांच्या सूत्रांवर बांधलेले असू शकतात.

केंद्र सरकारने २०२५ च्या अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी लहान भट्ट्या चालवण्याचे उद्दिष्ट ठेवले. तारापूर हे अशा भट्टीसाठी सुचवलेल्या जागांपैकी एक. लहान भट्ट्यांचे आराखडे पंपांऐवजी नैसर्गिक अभिसरणावर अधिक विसंबतात, म्हणजे जिथे कोड सर्वांत हळवे असतात तिथेच सुरक्षेचा भार टाकतात. त्यामुळे या पैशातला ठोस वाटा पूर्ण उंचीच्या चाचणी संचांवर खर्च व्हावा. अणुऊर्जा विभागाने प्रयोगाआधी बंद पाकिटातली भाकिते मागवावीत, आणि ती बाहेरच्या विद्यापीठांकडून व आयआयटींकडूनही मागवावीत. नियामक मंडळाने परवान्याच्या कागदांबरोबर ही भाकिते व मोजमापे शेजारी-शेजारी ठेवून जाहीर करावीत, जुळली नाहीत तीसुद्धा. पालघर आणि मुंबईच्या नागरिकांनी, इथल्या विज्ञान संघटनांनी आणि पत्रकारांनी जनसुनावणीत इतर कागदांबरोबर ही भाकिते व मोजमापेही आवर्जून मागावीत.